लोकसभेला मत देताना जात, धर्म, लिंग आणि वय किती बोलतं? महाराष्ट्रातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकसभेचा निकाल लागला की आठवडाभरात प्रत्येक मतदारसंघाचं एक ठरलेलं स्पष्टीकरण तयार होतं. अमुक समाज फिरला, तमुक समाजानं पाडलं. ते ऐकून ज्यांना प्रश्न पडतात त्यांच्यासाठी हे पान आहे. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्रातली आहेत, कारण इथले आकडे आणि इथली माणसं मला जवळून माहीत आहेत.

माणूस जात बघूनच मत देतो, हे खरं आहे का?

अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्यावर थांबलं की गणित चुकतं.

जात वर्षा-दोन वर्षांत बदलत नाही. जिल्ह्यातली मराठा, वंजारी, माळी, बौद्ध, मुस्लिम लोकसंख्या पाच वर्षांत फार हलत नाही. मग निकाल का हलतात? १९९८ च्या लोकसभेत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३३ जागा काँग्रेसला आणि ४ तिच्या मित्रपक्षाला, म्हणजे रिपब्लिकन पक्षाला मिळाल्या. शिवसेना-भाजप युती १० वर अडकली. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, युतीला २८ जागा मिळाल्या. काँग्रेस आणि नवी राष्ट्रवादी मिळून १६ वर आल्या, आणि तेही दोघांच्या मतांची बेरीज युतीपेक्षा जास्त असताना. वर्षभरात कुणाची जात बदलली नव्हती. एक पक्ष फुटला होता.

ताजं उदाहरण २०२४ चं आहे. जूनमध्ये महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या आणि महायुतीला १७. नोव्हेंबरच्या विधानसभेत महायुतीचे तीन मोठे पक्षच २८८ पैकी २३० जागा घेऊन गेले. मतदार जवळजवळ तेच होते. जूनमध्येही दोन्ही बाजूंच्या मतांत साधारण एका टक्क्याच्या आतबाहेरचाच फरक होता. इतक्या चुरशीत थोडी माणसं हलली, थोडी घरी बसली, थोडी नव्यानं बाहेर पडली की सगळा नकाशा उलटतो.

मग ओळख नेमकी कधी कामाला येते?

तिच्यावर काहीतरी येऊन आदळतं तेव्हा. आरक्षणाचा प्रश्न, अपमानाची भावना, एखाद्या नेत्याचा मृत्यू, पिकाचा भाव. तोवर ती असते, पण मतदानाच्या दिवशी पुढे येतेच असं नाही.

बीड बघा. इथे मराठा आणि वंजारी हे दोन मोठे समाज आहेत. त्यांच्याबरोबर दलित, मुस्लिम, धनगर, माळी अशी सगळी वस्ती आहे. ३ जून २०१४ ला गोपीनाथ मुंडे गेले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांनी निवडून आल्या. जवळपास सात लाखांचं ते मताधिक्य एकट्या वंजारी मतांचं असूच शकत नाही, त्यात सगळ्या समाजांची मतं होती. २०१९ ला त्यांनीच राष्ट्रवादीच्या बजरंग सोनवणे यांना १,६८,३६८ मतांनी हरवलं. सोनवणे मराठा आहेत, मुंडे वंजारी. जातीची मांडणी आजच्यासारखीच होती, तरी मराठा मतं मोठ्या प्रमाणात मुंडेंकडे गेली.

२०२४ ला समोर पुन्हा सोनवणे होते. या वेळी उमेदवार पंकजा मुंडे. चुलतभाऊ धनंजय मुंडे आता त्यांच्या बाजूनं प्रचारात होते, म्हणजे घरातलं भांडणही मिटलं होतं. तरी त्या ६,५५३ मतांनी हरल्या. मधल्या काळात काय झालं होतं? १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी बसलेल्या मनोज जरांगे यांच्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला. मराठ्यांना कुणबी दाखले, म्हणजे ओबीसीतून आरक्षण, देण्याची मागणी गावोगाव पोचली, त्याला ओबीसी समाजातून विरोध उभा राहिला. ज्या गावात दोन्ही समाज एकाच पारावर बसत होते, तिथे ‘तू कुणाचा?’ हा प्रश्न आला. शेजारच्या जालन्यात पाच वेळचे खासदार रावसाहेब दानवे लाखावर मतांनी पडले. तिथे दोन्ही प्रमुख उमेदवार मराठाच होते हेही लक्षात ठेवा. राग सरकारवर होता, फक्त उमेदवाराच्या जातीवर नव्हता.

आणि सहा महिन्यांनी? बीड जिल्ह्यातल्या सहा विधानसभा जागांपैकी पाच महायुतीनं जिंकल्या. विधानसभेला उमेदवार गावाच्या जवळचा असतो, गट-तट वेगळे असतात, आणि दोन्हीकडून मराठा उमेदवार असले की ती रेष आपोआप पुसट होते.

मराठा मत एकगठ्ठा असतं का?

नसतं. पश्चिम महाराष्ट्रात तर असूच शकत नाही, कारण तिथे बहुतेक लढती मराठा विरुद्ध मराठा होतात. बारामतीत २०२४ ला सुप्रिया सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार ही एकाच घरातली लढत होती. तिथे जात बघून मत द्यायचं म्हटलं तरी कुणाला देणार? त्या लढतीत साखर कारखाना, सोसायटी, पाण्याची पाळी, थोरल्या पवारांबद्दलची निष्ठा आणि धाकट्यांनी केलेली कामं, याच गोष्टी लोक तोलत होते. सांगलीत विशाल पाटील अपक्ष उभे राहून निवडून आले, तेही वसंतदादांच्या घराण्याच्या आणि काँग्रेसच्या स्थानिक फळीच्या जोरावर.

गावपातळीवर तर जातीआधी भावकी येते. एकाच आडनावाचे दोन वाडे वर्षानुवर्षं उलट्या पक्षात असतात, आणि एका वाड्यानं कमळ धरलं की दुसरा आपोआप दुसरीकडे जातो. बाहेरून येणाऱ्याला दोन्ही घरं ‘मराठा मतदार’ म्हणून एकाच खान्यात दिसतात.

औरंगाबादचा २०१९ चा निकाल यासाठी पाहण्यासारखा आहे. एमआयएमचे इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी जिंकले. शिवसेनेचे चंद्रकांत खैरे हरले, कारण अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी दोन लाख ८३ हजारांवर मतं घेतली आणि त्यात मराठा मतांचा मोठा वाटा होता. ‘मुस्लिम-दलित एकत्र आले म्हणून जलील आले’ हे खरं आहे. पण समोरची मतं फुटली नसती, तर ती एकी असूनही ते हरले असते.

‘माधव’ म्हणजे काय?

माळी, धनगर, वंजारी. १९८० च्या दशकात वसंतराव भागवत यांनी भाजपसाठी ही बांधणी केली. मराठा नेतृत्वाच्या काँग्रेसमध्ये ज्यांना जागा मिळत नव्हती अशा समाजांतून नेते पुढे आणायचे, हा त्यामागचा विचार होता. ना. स. फरांदे, अण्णा डांगे आणि गोपीनाथ मुंडे ही त्या बांधणीतली ठळक नावं. १९९० मध्ये मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली आणि ‘ओबीसी’ ही ओळख सरकारी कागदावरून राजकारणात आली. त्याआधी माळी माळी होता आणि धनगर धनगर. ही सामायिक ओळख प्रयत्नपूर्वक घडवावी लागली. म्हणून ती कधी टिकते, कधी सुटते. विदर्भात तेली आणि कुणबी दोघेही ओबीसीच, पण तिकीटवाटपाच्या वेळी त्यांच्यातली स्पर्धा उघड दिसते.

मतदान गुप्त असतं. मग कुठल्या समाजानं कुणाला मत दिलं हे कळतं कसं?

दोन मार्गांनी, आणि दोन्हींना मर्यादा आहेत.

पहिला म्हणजे मतदानोत्तर सर्वेक्षण. दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेचा लोकनीती विभाग अनेक वर्षं हे काम करतो. निवडलेल्या मतदारांना घरी भेटून ‘कुणाला मत दिलं’ विचारायचं आणि सोबत जात, वय, शिक्षण, उत्पन्न नोंदवायचं. राज्यभरासाठी यातून बऱ्यापैकी चित्र मिळतं. एका मतदारसंघातल्या एका जातीबद्दल यातून काहीही ठाम सांगता येत नाही, कारण तेवढ्या लोकांना विचारलेलंच नसतं. टीव्हीवर जिल्ह्यानिहाय जातींचे टक्के कुणी सांगू लागलं तर सावध व्हा.

दुसरा मार्ग फॉर्म २०. प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली, याचा हा अधिकृत तक्ता. एका केंद्रावर साधारण हजार-दीड हजार मतदार असतात. आपली गावं आणि शहरं आधीच वस्त्यांनी विभागलेली असल्यामुळे अनेक केंद्रं जवळपास एकाच समाजाची असतात. तुमचं एकट्याचं मत गुप्त राहतं. तुमच्या वस्तीचं राहत नाही.

याचे परिणाम गंभीर असतात. निकालानंतर दुसऱ्या दिवशी गावपुढाऱ्याला कळतं की वरच्या आळीतून किती पडली. पाण्याचा टँकर, रस्त्याचं काम, घरकुलाची यादी, यांत त्याचा हिशेब होतो. बीडमध्ये २०२४ च्या निकालानंतर एकमेकांच्या दुकानांवर बहिष्काराची भाषा झाली, ती याच आकड्यांच्या आधारानं. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रं आल्यावर ती गेली. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं ‘टोटलायझर’ वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगानं २००८ मध्येच दिला होता. तो अजून लागू नाही. माझ्या मते तो लागू व्हायलाच हवा. अभ्यासकांचं, म्हणजे माझ्यासारख्यांचं, त्यात नुकसान होईल. पण वस्तीतल्या माणसाची सुरक्षितता अभ्यासापेक्षा मोठी आहे.

एकगठ्ठा मतदान मुस्लिमच करतात, असं का म्हणतात?

कारण त्यांची वस्ती शहराच्या ठरावीक भागात दाटलेली असते, आणि तिथला आकडा डोळ्यांत भरतो.

धुळे मतदारसंघाचा २०२४ चा निकाल यासाठी सगळीकडे सांगितला गेला. काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी भाजपच्या सुभाष भामरे यांना ३,८३१ मतांनी हरवलं. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भामरे पुढे होते. सहाव्या, म्हणजे मालेगाव मध्यमध्ये, बच्छाव यांना जवळपास दोन लाख मतं पडली आणि भामरेंना पाच हजारांपेक्षा कमी. निष्कर्ष लगेच निघाला: मालेगावनं पाडलं.

आता थोडं थांबून आकडे मांडू. २०१९ ला भामरे याच मतदारसंघातून २,२९,२४३ मतांनी जिंकले होते. मालेगाव मध्य तेव्हाही त्यांच्या विरोधातच होतं. म्हणजे उरलेल्या पाच क्षेत्रांनी त्यांना किमान २ लाख २९ हजारांची आघाडी दिलेली असणार, प्रत्यक्षात त्याहून जास्त. २०२४ ला त्याच पाच क्षेत्रांची एकत्रित आघाडी साधारण एक लाख ९० हजारांवर आली. तिथे किमान चाळीस हजारांची घट झाली, आणि हार झाली ३,८३१ मतांनी. मालेगावात मतदान वाढलं हे खरंच आहे. पण साक्री रस्त्यावरच्या धुळेकरानं आणि बागलाणच्या शेतकऱ्यानं हात आखडला नसता, तर मालेगाव मध्य कितीही एकवटलं तरी भामरे आलेच असते. त्या घटीबद्दल कुणी बातमी केली नाही.

दुसरी गोष्ट त्याच शहरातली. सहा महिन्यांनी विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल आणि माजी आमदार आसिफ शेख यांच्यात लढत झाली. इस्माईल १६२ मतांनी जिंकले. दोघांनाही एक लाख नऊ हजारांवर मतं होती. लोकसभेला जो गठ्ठा दिसला, तो विधानसभेला अगदी मधोमध दुभंगला. समोर कोण आहे आणि कशाची भीती आहे, यावर माणसं एकवटायची की विखुरायची ते ठरतं. हे कुठल्याही समाजाबद्दल खरं आहे. शहरातल्या उच्चवर्णीय सोसायट्यांच्या केंद्रांवरचे आकडेही एकदा काढून बघा, तिथेही एकाच पक्षाचा रकाना भरलेला दिसेल. त्याला मात्र आपण ‘एकगठ्ठा’ म्हणत नाही, ‘जागरूक मतदार’ म्हणतो. हा भेदभाव आहे.

दलित मतं कुणाकडे जातात?

एका पक्षाकडे कायमची नाहीत. बाबासाहेब आंबेडकर स्वतः १९५२ मध्ये मुंबईतून आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हरले. ज्या समाजासाठी त्यांनी आयुष्य वेचलं, तो समाज मागे असतानाही संख्या पुरी पडली नाही, कारण संयुक्त मतदारसंघात बाकीच्यांची मतं लागतात. महाराष्ट्रातलं दलित राजकारण हा प्रश्न आजवर सोडवतं आहे: स्वतंत्र उभं राहायचं तर संख्या कमी पडते, युती करायची तर स्वतंत्र आवाज उरत नाही.

युतीचं फळ १९९८ ला दिसलं. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून आणि जोगेंद्र कवाडे चिमूरमधून लोकसभेत गेले. चारही जागा तेव्हा खुल्या होत्या. दलित नेते खुल्या जागांवरून एकाच वेळी निवडून येणं ही मोठी गोष्ट होती, आणि ती पुन्हा घडली नाही.

स्वतंत्र उभं राहण्याची ताकद २०१९ ला दिसली. वंचित बहुजन आघाडीला, सोबतच्या एमआयएमची धरून, सुमारे ४१ लाख मतं मिळाली. नांदेडमध्ये अशोक चव्हाण ४० हजारांनी हरले, तिथे वंचितच्या उमेदवाराला एक लाख ६६ हजार मतं होती. २०२४ ला वंचितची मतं खूप घटली. ‘चारशे पार’ची घोषणा आणि संविधान बदलासाठी चारशे जागा हव्यात असं भाजपच्या कर्नाटकातल्या एका खासदाराचं विधान, या दोन गोष्टी वस्त्यावस्त्यांत पोचल्या. संविधान हा तिथे भाषणाचा विषय नसतो. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी त्याची प्रत ठेवलेली असते, मुलीची शिष्यवृत्ती आणि मुलाची नोकरी त्यातून आलेली असते. त्यामुळे मत वाया जाऊ द्यायचं नाही, असं अनेकांनी ठरवलं.

राखीव मतदारसंघात फक्त त्या समाजाचेच लोक मत देतात का?

नाही. हा गैरसमज फार मोठा आहे. उमेदवार त्या प्रवर्गातला असावा लागतो, मत सगळेच देतात. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानं स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागा आल्या, त्याचंच हे रूप.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी पाच जागा आहेत: अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर. पाचही ठिकाणी बहुसंख्य मतदार अनुसूचित जातींचे नाहीत. २०१९ ला यातल्या चार युतीकडे गेल्या, २०२४ ला पाचही आघाडीकडे. दलित मतं वळली हे त्याचं एक कारण आहे, पण लातूर-सोलापुरातल्या मराठा, मुस्लिम आणि लिंगायत मतांशिवाय हा निकाल लागत नव्हता.

आदिवासी भागात काय चालतं?

चार राखीव जागा आहेत: नंदुरबार, दिंडोरी, पालघर, गडचिरोली-चिमूर. २०२४ ला पालघर सोडून तिन्ही आघाडीला गेल्या. यातली दिंडोरी मला सगळ्यात बोलकी वाटते.

दिंडोरीत लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या बाजार समित्या येतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांदा निर्यातीवर बंदी घातली. शेतकऱ्याच्या खळ्यावर उन्हाळी कांदा येऊन पडेपर्यंत ती चालू होती. ४ मे २०२४ ला ती उठली, पण ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावूनच. दिंडोरीचं मतदान २० मे ला होतं. भाजपच्या उमेदवार भारती पवार केंद्रात मंत्री होत्या. त्या एक लाख १३ हजारांनी हरल्या. विजयी भास्कर भगरे हे शिक्षक, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे, चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला त्याच्याशी मिळतंजुळतं तुतारी चिन्ह मिळालं आणि त्यानं लाखावर मतं घेतली, तरी निकाल फिरला नाही.

इथे दोन्ही उमेदवार आदिवासी समाजाचे होते. मतदारांत मराठा, माळी, वंजारी, कोकणा, महादेव कोळी सगळे होते. त्या मे महिन्यात त्यांच्यातल्या फार मोठ्या संख्येची पहिली ओळख ‘कांदा उत्पादक’ ही होती. धंदा हीसुद्धा ओळखच आहे, आणि आपल्या निवडणूक चर्चेत तिला जातीच्या मानानं फार कमी जागा मिळते.

बाई नवऱ्याला विचारून मत देते का?

घरात चर्चा होते, नाही असं नाही. पण ‘विचारून’ हा शब्द आता बहुतेक घरांना लागू होत नाही.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ ला, देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी नोंद केली होती. १९६२ ला पुरुष आणि स्त्रियांच्या मतदानात जवळपास १७ टक्क्यांचा फरक होता. २०१९ ला देशपातळीवर स्त्रिया पहिल्यांदा किंचित पुढे गेल्या आणि २०२४ लाही पुढेच राहिल्या: स्त्रिया ६५.७८ टक्के, पुरुष ६५.५५ टक्के.

स्त्रिया स्त्री उमेदवारालाच मत देतात, याचा पुरावा मला कुठे सापडलेला नाही. त्या ‘स्त्री’ म्हणून विचार करतात तो थेट हाताला लागणाऱ्या गोष्टीबद्दल: गॅस, रेशन, पाणी, दारू, बचत गटाचं कर्ज. २०२४ च्या लोकसभेनंतर राज्यात लाडकी बहीण योजना आली, महिना १५०० रुपये थेट बँक खात्यात. विधानसभेच्या निकालात तिचा वाटा अनेकांनी मान्य केला. ‘पैशाला भुलल्या’ असं म्हणणाऱ्यांना मी विचारते: शेतकऱ्याला कर्जमाफी मिळाली की तो हक्क, आणि बाईला पंधराशे मिळाले की भूल? ज्या बाईच्या नावावर घरात कधी काहीच नव्हतं, तिच्या खात्यात तिचे म्हणून पैसे आले. तिनं त्याचा हिशेब मतात धरला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तरुण वेगळं मत देतात का?

वयाचा परिणाम दिसतो, पण तो जातीइतका ठळक कधीच नसतो. मतदानाचं वय २१ वरून १८ वर १९८९ मध्ये आलं. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत ‘तरुणांची लाट’ शोधली जाते. प्रत्यक्षात तालुक्याला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी आणि गावात शेती करणारा तिचाच भाऊ यांची मतं एकाच वयात वेगळी असू शकतात. शिवाय पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या कितीतरी मुलांचं नाव अजून गावच्या यादीत असतं आणि त्या दिवशी एसटीचं तिकीट काढणं होत नाही. ऊसतोड कामगारांचंही तसंच. लोकसभा एप्रिल-मे मध्ये येते तेव्हा ते परतलेले असतात, विधानसभा नोव्हेंबरात आली की निम्मी टोळी कारखान्याच्या वाटेवर असते.

भाषेची ओळख कधी जातीवर मात करते का?

१९५७ ला केली. संयुक्त महाराष्ट्र समितीत शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, समाजवादी आणि बाबासाहेबांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एकत्र होते. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. नाशिकच्या खुल्या जागेवरून फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले. पण त्याच वेळी विदर्भ आणि मराठवाडा बहुतांशी काँग्रेसबरोबर राहिले. मराठी सगळेच होते. मुंबई महाराष्ट्राच्या हातून जाण्याची धग मात्र सगळीकडे सारखी नव्हती.

गोव्यात धर्म आणि तालुका एकमेकांत मिसळलेले दिसतात. २०२४ ला दक्षिण गोव्यात काँग्रेसचे विरियातो फर्नांडिस १३,५३५ मतांनी जिंकले, त्यात कॅथलिक बहुसंख्येच्या सासष्टीची आघाडी निर्णायक होती. उत्तर गोव्यात श्रीपाद नाईक पुन्हा आले.

जातीच्या किंवा धर्माच्या नावावर मत मागणं गुन्हा आहे ना?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) प्रमाणे तो भ्रष्ट आचार आहे आणि त्यावरून निवड रद्द होऊ शकते. याचे गाजलेले खटले आपल्याच मुंबईतले. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं, आणि पुढे बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्म-जातीचा आधार घेऊन केलेलं आवाहनही यात येतं. अल्पमतातल्या न्यायाधीशांचा मुद्दाही मला महत्त्वाचा वाटतो: ज्यांच्यावर जातीमुळे अन्याय झाला त्यांनी तो अन्याय प्रचारात मांडायचाच नाही का? मत मागणं आणि दुखणं मांडणं यातली सीमा कायद्यानं पूर्ण आखता येत नाही.

समाजाच्या नेत्यानं पाठिंबा जाहीर केला की मतं फिरतात का?

आधीच वाहत असलेल्या दिशेनं सांगितलं तर फिरतात. उलट दिशेनं सांगितलं तर नाही. जरांगे यांनी लोकसभेला उमेदवार दिले नाहीत, तरी मराठवाड्यात त्यांच्या आंदोलनाचा परिणाम प्रचंड झाला. विधानसभेला त्यांनी ४ नोव्हेंबर २०२४ ला माघार जाहीर केली आणि मतं आपापल्या स्थानिक वाटांनी गेली.

जातनिहाय जनगणना झाली की सगळं स्पष्ट होईल का?

संख्या स्पष्ट होईल. सगळ्या जातींची शेवटची प्रसिद्ध झालेली मोजणी १९३१ ची आहे, त्यामुळे आज कुठल्याही जातीचे टक्के कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते अंदाज आहेत. केंद्रानं ३० एप्रिल २०२५ ला जातगणनेचा निर्णय जाहीर केला आहे. आकडे आले की तिकीटवाटपाची भांडणं आकड्यांनिशी होतील. मत कुणाला पडेल हे मात्र त्यातून कळणार नाही. बीडमध्ये २०१४ लाही संख्या तीच होती.

माझ्या गावाचे आकडे मला स्वतः बघायचे असतील तर?

महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर विधानसभा क्षेत्रानुसार फॉर्म २० मिळतो. बहुतेक वेळा तो स्कॅन केलेला असतो, त्यामुळे नाव टाकून शोधता येत नाही, पानं उलटावी लागतात. आधी मतदार यादीत आपल्या केंद्राचा क्रमांक आणि शाळेचं नाव बघून घ्या. मग २०१९ ची लोकसभा, २०२४ ची लोकसभा आणि २०२४ ची विधानसभा असे तीन तक्ते शेजारी ठेवा. केंद्रांचे क्रमांक मधल्या काळात बदलतात, म्हणून क्रमांकावर न जाता शाळेच्या नावावरून जुळवा. एकूण मतदान किती वाढलं किंवा घटलं ते पक्षांच्या मतांआधी लिहून काढा, कारण पुष्कळदा जे ‘फिरले’ असं वाटतं ते मुळात त्या दिवशी आलेलेच नसतात. आणि एखाद्या केंद्रावर अमुक समाजाची सत्तर टक्के वस्ती आहे आणि अमुक उमेदवाराला सत्तर टक्के मतं आहेत, एवढ्यावरून ती सत्तर टक्के माणसं तीच आहेत असं धरू नका. उरलेल्या तीस टक्क्यांनी कुणाला मत दिलं ते त्या कागदावर लिहिलेलं नसतं.